पेशीवरील प्रथिन आणि सौम्य उपचाराचा शोध

आपल्या रुग्णालयातून कर्करोगाच्या पुढील उपचारांसाठी शहरात पाठविलेल्या रुग्णांचे नातेवाईक पहिला प्रश्न बहुधा केस गळण्याचा व उलट्यांचा विचारतात. अलीकडे सोबत वृत्तपत्राचे कात्रणही असते. मुंबईत एकदाच घ्यावयाचे नवे औषध निघाले आहे, ते खरे का? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि तज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती देणगीदार व नातेवाईक यांच्यापुढे ठेवणे त्यास कर्तव्य वाटते.

नेहमीची रसायने वेगाने विभाजित होणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करतात. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशीही त्यात सापडतात. म्हणून रोगी पेशी ओळखता येईल अशी खूण हवी होती. रक्तातील ‘बी’ पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे प्रथिन असते व त्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगातही ते बहुधा टिकून राहते. पवईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांनी याच प्रथिनास लक्ष्य केले. रुग्णाच्याच रक्तातील ‘टी’ पेशी काढून, सीडी-१९ ओळखणारा भाग जनुकाद्वारे त्यांत घालून, त्यांची संख्या वाढवून त्या परत शरीरात सोडल्या जातात. परदेशी उपचारांत हा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला असे. मुंबईत तो मानवी प्रथिनाशी जुळता करण्यात आला. ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. मेंदूवरील दुष्परिणाम अल्प होते. परंतु ‘सौम्य’ हा शब्द जपूनच वापरावा. आधी काही रसायने द्यावीच लागतात, निरोगी ‘बी’ पेशीही नष्ट होतात, रक्तपेशी फार घटतात. चाचणीतील दोन मृत्यू उपचाराशी निगडित होते.

हिशेबाचा माणूस म्हणून खर्चाचेही सांगावे लागेल. परदेशात तीन-चार कोटींचा हा उपचार येथे प्रारंभी सुमारे ४० लाखांच्या घरात होता. उतार मोठा खरा, पण आपल्या पंचक्रोशीतील शेतकऱ्यास तो आकडा तरी कोठून पेलवणार?

शिवाय तो पंधरा वर्षांवरील व नेहमीच्या उपचारांनंतर रोग उलटलेल्या वा न हटलेल्या, ‘बी’ पेशींच्या ठराविक कर्करोगांच्या रुग्णांसाठीच आहे. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना तो लागू नाही. त्यामुळे जमीन विकावयास काढण्यापूर्वी नातेवाइकांनी बायॉप्सीचा अहवाल घेऊन आमच्या कार्यालयात यावे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातील तज्ज्ञांना तो कसा दाखवावा, याचे मार्गदर्शन येथे विनामूल्य केले जाईल.