पिकअप गाडीचे झिजलेले शॉकअप : परीक्षा व बदल

बैलगाडीस कमान नसे. धांव बसविलेलें चाक दगडावर आदळलें म्हणजे तो धक्का आंस, साटा व माल यांस जसाच्या तसा पोंचे. परंतु बैलाची चाल मंद असल्यामुळें त्याचें फारसें कांहीं वाटत नसे. आतां आपल्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारीं पिकअप उभी असते. ती पाणंदीच्या वाटेनें भरून निघते व हमरस्त्यास लागतांच ताशीं साठ किलोमीटर वेगानें धांवूं लागते. इंजिनाचें तेल, टायर व ब्रेक यांकडे मालकाचें लक्ष असतें. शॉकअपकडे मात्र तो तुटून लोंबूं लागेपर्यंत कोणी पाहत नाहीं. या दुर्लक्षाचें मोल काय पडतें, व तें कसें टाळावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम पाटे व शॉकअप यांच्या कामांतील भेद समजून घेऊं. चाक खळग्यांतून वर उसळलें कीं पाटे दबतात आणि तो जोर आपल्यांत सांठवितात. सांठविलेला जोर त्यांस परत द्यावाच लागतो. तो देतांना ते गाडीस वर फेंकतात, गाडी खालीं येतांच पुन्हां दबतात व पुन्हां फेंकतात. झोपाळ्यास एकदां ढकललें असतां तो जसा कांहीं वेळ आपोआप हालत राहतो, तसाच हा प्रकार. हा हेलकावा मोडण्याचें काम शॉकअपचें. त्याच्या नळींत तेल असतें. दांड्याच्या टोकास असलेला दट्ट्या त्या तेलांतून वरखालीं फिरतो व तेलास बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढावी लागते. या अडचणींत उसळीचा जोर खर्च होऊन त्याची उष्णता होते, व ती नळीवाटे हवेंत निघून जाते. तेव्हां गाडीचें वजन पेलतात ते पाटे. शॉकअप वजन पेलीत नाहीं.

झडपा झिजल्या किंवा तेल गळालें तरी गाडी चालते, माल वाहते, म्हणून कांहीं बिघडलें आहे असें मालकास वाटत नाहीं. शॉकअप एका दिवसांत मरत नाहीं. रोज थोडा थोडा निकामी होतो, आणि चालविणाराचें अंग त्या हेलकाव्यास संवकून जातें. नुकसान मात्र चालू झालेलें असतें. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारांत जाईपर्यंत क्रेटमध्यें शेंकडों वेळां उसळतो व तळचीं फळें दबून काळवंडतात. द्राक्षांचे मणी देठापासून सुटतात. माल उतरल्यावर भाव कमी लागला कीं आपण अडत्यास दोष देतों. तो दोष कधीं कधीं गाडीच्या पोटाखालीं दडलेला असतो.

याहून मोठी गोष्ट जीविताची आहे. ब्रेक चाकास थांबवितो. गाडीस थांबवितें तें टायर व रस्ता यांचें घर्षण. चाक रस्त्यावर टेंकून न राहतां उड्या मारीत असेल, तर हवेंत असलेल्या क्षणापुरता ब्रेक व्यर्थ होय. माल टाकून रिकामी परतणारी पिकअप या बाबतींत अधिक धोक्याची. पाटे पूर्ण भाराच्या हिशोबानें कडक केलेले असतात. रिकामी मागची बाजू हलकी असते, म्हणून ती जास्त उडते. घाटाच्या उतारावर, वळणांत, पावसानें ओल्या झालेल्या रस्त्यावर मागची चाकें बाजूस सरकतात तीं पुष्कळदां याच कारणानें.

येथें एका वाईट चालीविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. गाडी फार हेलकावते अशी तक्रार केली कीं गांवचा मिस्त्री एक पाटा वाढवून देतो. मालकासही तें पटतें, कारण गाडी उंच दिसते व दोन क्विंटल अधिक भरतां येतात. परंतु कडक पाटा परत जोरानें उसळी देतो. ती आवरण्यास शॉकअप अधिक समर्थ हवा, आणि येथें तर तो आधींच मेलेला असतो. म्हणजे औषधानें दुखणें वाढलें. शिवाय गाडीच्या नोंदणीपत्रांत जें भारमान लिहिलें आहे तें पाटा वाढविल्यानें वाढत नाहीं. ॲक्सल, ब्रेक व टायर पूर्वीचेच राहतात.

आतां परीक्षा. मोटारगाडीचा कोपरा हातांनीं दाबून सोडावा आणि ती एकदां वर येऊन स्थिर झाली म्हणजे शॉकअप चांगला, ही रीत सर्वत्र सांगितली जाते. पिकअपच्या मागील बाजूस ती लागू पडत नाहीं. एक तर तेथील पाटे माणसाच्या वजनानें दबत नाहींत. दुसरें, पाट्यावर पाटा घांसून त्या घर्षणानेंच लहानसा हेलकावा मोडतो, आणि मेलेला शॉकअपही जिवंत भासतो. म्हणून दुसऱ्या खुणा पाहाव्या. नळीवर तेलाचा किंचित् ओलसरपणा असणें हा दोष नव्हे. परंतु तेल ओघळून त्यावर धुळीचा जाड थर बसला असेल, तर आंतील सील फाटलें असें समजावें. दांडा वांकला आहे काय, नळीस पोंचा आला आहे काय, दोन्ही टोकांचे रबरी बुश फाटून आवाज करतात काय, हें पाहावें. टायरवरून तळहात फिरवावा; उंचवटे व खळगे आलटून पालटून लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारतें याची ती साक्ष होय, मात्र चाकाचा तोल बिघडल्यानेंही असें होतें.

सर्वांत चांगली व बिनखर्चाची परीक्षा उष्णतेची. पांचसात किलोमीटर खडबडीत रस्त्यानें गाडी न्यावी, सपाट जागीं उभी करून लगेच चारही शॉकअपांच्या नळ्यांजवळ हात न्यावा व मग बेतानें स्पर्श करावा. जो काम करतो तो तापलेला असतो. जोडीदार ऊन असून एकटाच थंड राहिला, तर तो नुसता टांगलेला आहे, काम करीत नाहीं. सायलेन्सरच्या नळीजवळील शॉकअप मात्र तिच्या आंचेनेंही तापतो, हें विसरूं नये. कित्येक उत्पादक सुमारें ८०,००० किलोमीटरनंतर शॉकअप बदलण्याची शिफारस करितात; ऊसतोडीच्या हंगामांत उखडलेल्या वाटांवरून फिरणाऱ्या गाडीनें तेवढी वाट पाहूं नये.

बदलण्यापूर्वीं आपल्या गाडीस शॉकअप आहे कीं स्ट्रट आहे हें ओळखलें पाहिजे. टाटा एस, बोलेरो पिकअप यांसारख्या गाड्यांस मागील बाजूस पाटे असून शॉकअप वेगळा असतो. तो काढला तरी ॲक्सल पाट्यांवर जागच्या जागीं राहतो. २०१६ सालापासून विक्रीस आलेल्या मारुति सुपर कॅरीस मागें पाटेच आहेत, पण पुढें मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या रचनेंत शॉकअप व त्याभोंवतीं गुंडाळीची स्प्रिंग मिळून एकच खांब होतो, आणि चाकाची दिशाही तोच सांभाळतो. ती स्प्रिंग दाबून बसविलेली असते. स्प्रिंग दाबण्याच्या खास साधनाशिवाय वरचा मधला नट सोडला, तर ती बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटते व माणूस दगावूं शकतो. म्हणून स्ट्रटचें काम घरीं करूं नये. तें चांगल्या कारखान्यांत द्यावें, व काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यांत घेऊं नये.

पाट्यांच्या बाजूचा शॉकअप मात्र हातांत पाना धरणाऱ्या शेतकऱ्यास स्वतः बदलतां येतो. एका ॲक्सलवरील दोन्ही बरोबरच बदलावे. एक नवा व एक जुना असेल तर दोन बाजू दोन तऱ्हेनें चालतात. गाडीचा चासी क्रमांक सांगून त्याच गाडीचा भाग मागावा व पावती घ्यावी. आदल्या रात्रीं नट-बोल्टांवर गंज सोडविणारें तेल सोडावें. गाडी सपाट जागीं, गिअरमध्यें, हातब्रेक ओढून उभी करावी व पुढील चाकांच्या मागेंपुढें दगड लावावे. पिकअप उंच असल्यामुळें बहुधा चाकें जमिनीवर ठेवूनच काम होतें. उचलावीच लागली तर केवळ जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. ॲक्सलखालीं भक्कम लोखंडी घोड्या द्याव्या. विटा रचूं नयेत. भाराखालीं वीट सूचना न देतां फुटते.

नट फिरवितांना दांडा त्याबरोबर फिरूं लागला, तर त्याच्या टोकाशीं असलेली चपटी जागा दुसऱ्या पान्यानें धरावी. गुळगुळीत दांड्यास पकड लावूं नये. ओरखडा पडला कीं नवें सील थोड्याच दिवसांत फाटतें. दुकानांत आडवा पडून राहिलेल्या तेलाच्या शॉकअपमध्यें दट्ट्याच्या बाजूस हवा शिरलेली असते. तो उभा धरून चारपांच वेळां पूर्ण ओढावा व दाबावा. मध्यें पोकळ न लागतां सारखा जोर लागूं लागला म्हणजे बसविण्यास योग्य झाला. वायु भरलेला शॉकअप पट्टी सोडतांच आपोआप लांबतो, म्हणून पट्टी जागेवर नेल्यावरच सोडावी.

बुश व वॉशर जुन्याच क्रमानें लावावे आणि लॉकनट नवे घ्यावे. बोल्ट प्रथम हातानें बसवून, गाडीचें वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आंवळावे. चाकें लोंबत असतां आंवळल्यास वजन येतांच बुशचें रबर पिळलें जाऊन कायमचें ताणांत राहतें व लवकर फाटतें. किती आंवळावें याचा आंकडा गाडीच्या पुस्तकांत असतो. टॉर्क पाना नसल्यास गॅरेजवाल्याकडून तेवढें करून घ्यावें. त्याच वेळीं पाट्यांचे यू-बोल्ट ढिले नाहींत ना, व चासीखालचा रबरी ठोकळा तुटला नाहीं ना, हें पाहावें. वायूचे जुने शॉकअप भंगारांत देतांना तसें बजावून सांगावें. ते आगींत टाकणें किंवा गॅसनें कापणें धोक्याचें आहे.

आठवडाभर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हां तपासावे. आमचा जन्म दप्तरांत गेल्यामुळें असेल, पण एक वही गाडींत ठेवावी असा आमचा आग्रह आहे : बदलल्याची तारीख, त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा, भागाचा क्रमांक आणि दुकानाची पावती, एवढें तींत असलें म्हणजे हमीच्या मुदतींत शॉकअप गळूं लागल्यास दुकानदारापुढें तोंडी हिशोब सांगण्याचा प्रसंग येत नाहीं.