‘सरकारी जावई’ या टोमण्याला उत्तर



अमरावती-अकोल्याच्या कचेरीत, शाळेत किंवा बडनेऱ्याच्या रेल्वेत आपला मुलगा-मुलगी नोकरीला लागली, की एक शब्द कानी पडतो : ‘सरकारी जावई’. कोणी मान खाली घालतो, कोणी हातघाईवर येतो. दोन्ही मार्ग निरुपयोगी आहेत. आधी माहिती घ्या, मग शांतपणे बोला.

पहिला आक्षेप : सवलतीच्या माणसाने काम बिघडते. अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी रेल्वेचे १९८० ते २००२ या काळातील आकडे तपासले. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या भरतीने रेल्वेची उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जो आरोप करतो, त्यालाच पुरावा मागा.

दुसरा आक्षेप : आता जात कोण पाहतो? आपल्याच अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीयांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. हा अभ्यास २००७ सालचा आहे. म्हणजे आडनाव वाचले जाते, गुणपत्रिका मागाहून.

तिसरा आक्षेप खास आपल्यासाठी : बौद्ध झालात, मग सवलत कशाला? १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती आपल्या लोकांना मिळत नव्हत्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या बौद्धांनाही लागू झाल्या. कारण सरळ आहे. धर्मांतराने आपले मन बदलले; शेजाऱ्याची वागणूक त्याने आपोआप बदलत नाही. तेव्हा नवदीक्षित कुटुंबांनी भिण्याचे कारण नाही. मात्र जातीचे दाखले व इतर कागदपत्रे जपून ठेवा.

राखीव जागा ही भीक नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा ठेवण्यात आल्या. पुढे घटनेच्या कलम १६(४) ने पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गासाठी अशी तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली. कारभारातला हा आपला वाटा आहे. जावयाला मान बसल्या जागी मिळतो. आपली मुले परीक्षा देतात, मुलाखत देतात, मग दिवसभर काम करतात.

शिव्या देणाऱ्या एका ब्राह्मणाला भगवान बुद्धांनी विचारले होते, की पाहुण्याने वाढलेले घेतले नाही तर ते कोणाचे राहते? टोमणाही तसाच परत जाऊ द्या. पण कोणी जातीवरून जाहीर अपमान केला, तर गप्प बसू नका. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठीच आहे.

मुलगा-मुलगी कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी बसून हे तिन्ही आक्षेप आणि त्यांची उत्तरे एकदा वाचावीत.