डाळिंबाची साल : फेकण्यापूर्वी विचार करा



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे उसाबरोबर थोडेफार डाळिंब आहे. उसाचे आपण काही वाया घालवत नाही. बगॅसवर बॉयलर चालतो, मळीपासून अल्कोहोल निघते, प्रेसमडचे खत पुन्हा रानात जाते. मग डाळिंबाचे काय? तडकलेले फळ बांधावर आणि साल उकिरड्यावर! रसासाठी किंवा अनारदाण्यासाठी एक टन फळ फोडले तर ४०० ते ५०० किलो साल उरते. म्हणजे जवळजवळ निम्मा माल आपण फेकून देतो.

सालीत काय असते?

साल चावून पाहा, तोंड आवळून येते. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्याचा. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. लाळेतली प्रथिने त्याने बांधली की जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. याच गुणामुळे कातडी कमावायला ही साल पूर्वापार वापरतात. जुलाब लागले की म्हातारी माणसे साल उगाळून द्यायची, तेही याच तुरटपणासाठी.

डाळिंबातल्या मुख्य टॅनिनला प्युनिकॅलॅजिन म्हणतात. ते दाण्यांपेक्षा सालीत कितीतरी जास्त असते आणि पाण्यात विरघळते. म्हणून अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात ते जास्त उतरते, नुसत्या दाण्यांच्या रसात कमी. तेल-तूप खवट होण्याची क्रिया हा अर्क मंदावतो, काही जंतूंची वाढही रोखतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पण काचेच्या नळीत जंतू मेले म्हणजे माणसाचा आजार बरा झाला, असे नव्हे. सालीची पूड खाऊन साखर जाते, बीपी जाते, असे कोणी सांगितले म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

झाडाच्या मुळाची साल ही आणखी वेगळी गोष्ट. तिच्यातले पेलेटिएरिन हे द्रव्य १८७८ साली फ्रान्समध्ये वेगळे केले गेले. पोटातल्या पट्टकृमीवर ते देत असत. पण मात्रा जास्त झाली तर विषबाधा होते. घरी काढा करण्याच्या भानगडीत पडू नये.

साल वाळवताना

१) साल निरोगी फळाचीच घ्यावी. तेल्याची फळे बागेबाहेर नेऊन जाळावीत. ती बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकाल, तर पुढच्या बहाराला रोग स्वतःच्या हाताने पेराल.

२) औषधाचा अंश सालीवरच जास्त राहतो. फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर दिलेले दिवस गेलेच पाहिजेत.

३) फळ फोडण्याआधी धुवावे. सालीचे बारीक तुकडे करून सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरावेत. पावसाचे पाणी लागले तर टॅनिन धुऊन जाते आणि बुरशी धरते.

४) लोखंडी पत्रा किंवा घमेले वापरू नये. लोखंडाशी संबंध आला की टॅनिन काळे पडते.

५) तुकडा कट्कन मोडला म्हणजे साल वाळली. तीन किलो ओल्या सालीची साधारण एक किलो वाळकी साल होते, हे हिशेबात धरावे.

दर आणि ओलाव्याची अट लेखी ठरल्याशिवाय पोती भरून ठेवू नका. एकट्याच्या दोन पोत्यांसाठी कोणी येत नाही. चार-सहा जणांनी मिळून बोलणी करावीत.

विक्री न झाल्यास

येथे माझी चूक सांगतो. मी एकदा घरच्या खड्ड्यात नुसत्या सालीचा जाड थर दिला. पावसाळा सरला तरी तुकडे जसेच्या तसे! टॅनिनमुळे कुजण्याचे काम रेंगाळते, हे पुस्तकात वाचले होते, पण ध्यानात ठेवले नव्हते. निरोगी साल बारीक करून शेण, प्रेसमड आणि पाचट यांच्यात थोडी थोडी मिसळावी. जनावरांपुढेही पाट्या ओतू नका. जास्त टॅनिनने चाऱ्यातली प्रथिने अंगी लागत नाहीत.

सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. रोगाची शंका आली तर दुकानदाराला विचारण्याआधी तेथे विचारावे. एका बागेतला तेल्या शेजाऱ्याच्या बागेत जायला एक वादळी पाऊस पुरतो. सालीचे चार पैसे होतील तेव्हा होतील. आधी बाग वाचली पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी