चिकटलेली पट्टी सोडवताना

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये कोपर नावाचे स्थानक आहे. खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो आणि वरून दिवा-वसई मार्ग त्याला ओलांडतो. स्थानकाबाहेर आलात की रस्त्याकडेच्या वाहनांकडे जरा निरखून पाहा. रिक्षा, शाळेची व्हॅन, टेंपो, सहलीची मिनीबस. प्रत्येकीच्या अंगावर काही ना काही चिकटवलेले असते. कुठे देवाचे नाव, कुठे मुलांची नावे, कुठे खिडक्यांखालून मागेपर्यंत धावणारे रंगीत पट्टे. काही पट्टे नवे कोरे असतात, तर काहींचा रंग उडून कडा वर वळलेल्या असतात.

अशाच एका मिनीबसची ही हकिकत. मालकाने ती जुनी विकत घेतली होती. दोन्ही बाजूंना आधीच्या मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत चिकटवलेले होते. सहलींचे दिवस तोंडावर आले होते, म्हणून घाईने ते नाव काढायचे ठरले. मदतनीस मुलाने दाढीचे ब्लेड घेतले आणि तासाभरात नाव खरवडून टाकले. वर नवा रंगीत पट्टा बसला, गाडी छान दिसू लागली. पण पावसाळा संपल्यावर त्या पट्ट्याखालून तांबूस रेघा डोकावू लागल्या. नीट पाहिले तर त्या रेघांतून जुनेच नाव वाचता येत होते! ब्लेडने पुसलेले नाव गंजाने पुन्हा लिहिले होते.

असे का झाले? आणि काय केले असते म्हणजे झाले नसते? एवढ्या साध्या प्रश्नात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांचे कितीतरी धडे दडलेले आहेत.

केसाएवढे अंतर

प्रथम गाडीच्या अंगावर काय काय असते ते पाहू. सर्वांत आत पोलादी पत्रा. त्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि बहुधा त्यावर पारदर्शक थर. या सर्व थरांची जाडी मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर असते. आपल्या डोक्याचा केसही जवळजवळ एवढाच जाड असतो.

या रंगावर चिकटलेली पट्टी म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, अर्थात पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकचा ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा आणि त्याच्या पाठीवर चिकट द्रव्याचा त्याहून पातळ थर. आपल्याकडे या पट्ट्यांना सर्रास ‘रेडियम’ म्हणतात आणि त्या कापून देणाऱ्या दुकानावर ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी असते. क्यूरी पतिपत्नींनी १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा मात्र त्यात कणही नसतो. पूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग लावत असत. त्यावरून चमकणाऱ्या वस्तूंना ते नाव पडले आणि पुढे ते साध्या पट्ट्यांनाही चिकटले.

आता लक्षात आले ना? ब्लेड हातात घेणाऱ्याजवळ चुकायला जागा होती ती फक्त केसाएवढी. ब्लेड अस्तरापार गेले की पोलाद उघडे पडते. पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडली की पोलाद गंजते आणि क्षार असले तर ही क्रिया आणखी वेगाने होते. कोपरजवळच उल्हास नदीची खाडी आहे. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. नव्या पट्टीखाली शिरलेले पाणी तर लवकर सुकतही नाही.

पट्टी म्हातारी का होते?

पी.व्ही.सी. मुळात कडक असते. नळाचे पाइप त्याचेच असतात. त्याचा लवचीक पापुद्रा करण्यासाठी त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. लांबलचक रेणूंच्या मध्ये हे द्रव्य शिरले की रेणू एकमेकांवरून सहज सरकतात. अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी १९२६ साली ही युक्ती शोधली. पण हे द्रव्य तेथे कायमचे राहत नाही. काही हवेत उडून जाते, काही खालच्या चिकट थरात झिरपते. मऊ पापुद्रा हळूहळू कडक होऊ लागतो.

त्यात भर पडते उन्हाची. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि उष्णता यांमुळे पी.व्ही.सी.च्या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, ऑक्सिजनच्या माऱ्याने रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि पापुद्रा ठिसूळ होतो. रंगही विटतात, पण सगळे सारखे नव्हेत. लाल आणि पिवळे बहुधा आधी फिके पडतात. काळा टिकतो, कारण तो बहुतेक कार्बनच असतो.

येथे एक निरीक्षण तुम्हीच करा. कोपर सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात दुपारी सूर्य तेथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. म्हणून टपावरच्या पट्ट्या लवकर जातात. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीची कोणती बाजू जास्त विटेल? आधी अंदाज वहीत लिहा, मग होकायंत्र घेऊन जा आणि ताडून पाहा.

चिकटणे म्हणजे काय?

अगदी गुळगुळीत वाटणारा रंगही सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल दिसतो. चिकट द्रव्याचे रेणू आणि रंगाचे रेणू यांच्यातले आकर्षण फार थोड्या अंतरावर काम करते. म्हणून चिकट द्रव्य खाचखळग्यांत वाहत जाऊन भिडले पाहिजे, म्हणजेच ते द्रवासारखे असले पाहिजे. पण नुसता द्रव असेल तर पट्टी घसरून खाली येईल. म्हणून ते घनासारखेही असले पाहिजे. स्टिकरचे चिकट द्रव्य असे दोन्ही गुणांचे असते. सावकाश ओढले तर ते द्रवासारखे ताणते, झटका दिला तर घनासारखे अडून बसते.

चिक्कीचा पाक आठवा. गरम असताना त्याची तार निघते, गार झाला की तो काडकन मोडतो. आपल्या पट्टीचेही तसेच आहे. गार असताना ओढली तर ठिसूळ पापुद्र्याचे नखाएवढे तुकडे पडतात. गरम केली तर पापुद्रा मऊ होतो आणि चिकट द्रव्य रंगावरची पकड सोडते. मग आणखी तापवावे का? नाही! फार तापवले तर चिकट द्रव्य इतके मऊ होते की ते मधोमध फाटते. अर्धे पट्टीबरोबर निघते आणि अर्धे रंगावर राहते. शिवाय रंगही मऊ होतो. म्हणून मधली अवस्था साधायची. पत्रा हाताला चांगला चटका देईल, पण रंगाचा वास येणार नाही, इतपतच. गरम हवेचा झोत एका जागी धरू नये, सतत फिरता ठेवावा. उन्हाळ्यातल्या दुपारी उभ्या गाडीचे निम्मे काम सूर्यच करून ठेवतो.

हात कोणत्या दिशेने ओढावा?

आता एक गंमत. एक सेंटिमीटर पट्टी सोडवायला ठरावीक कार्य करावे लागते असे समजा. सुटलेले टोक पूर्ण मागे वळवून, उरलेल्या पट्टीला समांतर ओढले तर एक सेंटिमीटर पट्टी सुटेपर्यंत हात दोन सेंटिमीटर सरकतो. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. अंतर दुप्पट, म्हणून बल निम्मे! सरकत्या कप्पीचा नियम येथेही लागू पडतो. पट्टी काटकोनात ओढली तर हातही एकच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बल आधीच्या दुप्पट लागते. आणि टोक पुढच्याच दिशेने, पत्र्याशी फक्त ३० अंशांचा कोन ठेवून ओढले तर? हात जेमतेम १.३ मिलिमीटर सरकतो. तेव्हा काटकोनाच्या सुमारे साडेसात पट बल लागते. पट्टी तुटते ती अशाच वेळी.

म्हणून नियम असा : कोपरा नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलावा, टोक मागे वळवावे आणि सावकाश, एकसारखे ओढावे. अगदी जुनी पट्टी घडीवर मोडते, तेव्हा घडी कडक करू नये आणि पुढचा भाग गरम करत जावे.

हा प्रश्न काही नवा नाही. अमेरिकेतील सेंट पॉल येथे दुरंगी मोटारी रंगवताना, कडेला चिकटवलेला कागद काढला की खालचा नवा रंगही निघून येई. रंगाऱ्यांची ती तारांबळ पाहून रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली मास्किंग टेप बनवली. रंगाला इजा न करता सुटणारी चिकटपट्टी शोधली गेली ती मोटारींच्या रंगासाठीच!

उरलेला डिंक

पट्टी निघाली तरी थोडा चिकटपणा मागे राहतो. सारखा सारख्याला विरघळवतो, हे तुम्ही शिकला आहात. हा डिंक पाण्यात विरघळत नाही, पण रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनने तो फुगतो आणि मऊ फडक्याने पुसला जातो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावे. थिनर वापरू नये, कारण तो रंगच विरघळवतो. पेट्रोल तर मुळीच नको. टर्पेंटाइनही पेटते, तेव्हा गरम हवेचे यंत्र बंद करून, पत्रा गार झाल्यावर, मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच हे काम करावे. काढलेले तुकडे शेकोटीत टाकू नयेत. पी.व्ही.सी. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्यात त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांना व फुफ्फुसांना झोंबते.

नवी पट्टी लावताना

टर्पेंटाइनचा तेलकट अंश राहिला तर नवी पट्टी धरणार नाही. म्हणून पत्रा साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. ओरखडा पडून पोलाद दिसत असेल तर आधी अस्तर आणि रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा. त्या मिनीबसच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गाळली गेली होती.

मोठी पट्टी बसवताना कारागीर पत्र्यावर साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी फवारतात. या पाण्याच्या थरामुळे पट्टी लगेच पकडत नाही आणि सरकवून जागी आणता येते. मग रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे दाबत पाणी आणि हवा बाहेर काढतात. फुगा राहिलाच तर त्याला बारीक सुईने टोचावे. कोपरे गोल कापावे, कारण पट्टी सुटायला सुरुवात अणकुचीदार कोपऱ्यापासून होते. दोन तुकडे एकमेकांवर येत असतील तर घराची कौले आठवावी. कौले खालून वर लावत जातात, म्हणजे वरचे कौल खालच्यावर येते आणि पाणी आत शिरत नाही. तसाच येथे खालचा तुकडा आधी आणि वरचा नंतर लावावा. त्याचप्रमाणे मागचा आधी आणि पुढचा नंतर, म्हणजे धावत्या गाडीचा वारा सांध्यात घुसणार नाही. चिकट द्रव्य खळग्यांत पुरते वाहायला वेळ लागतो, म्हणून एक-दोन दिवस गाडी धुवू नये.

दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांच्या पुढच्या काचेवर नोंदणीचे स्टिकर असते. ते काढू गेले की फाटून निकामी व्हावे अशीच त्याची रचना असते. आणि मोठ्या वाहनांवरच्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल अशा परावर्तक पट्ट्या रात्री अपघात टाळतात. त्या शोभेच्या नाहीत.

करून पाहा

सरळ बाजूंचा एक रिकामा स्टीलचा डबा टेबलाच्या कडेला ठेवा. २५ सेंटिमीटर लांबीची चिकटपट्टी घेऊन तिचा ८ सेंटिमीटर भाग डब्याच्या बाजूवर उभा चिकटवा. वरच्या टोकाला उरलेला भाग मागे वळवून खाली, टेबलाबाहेर सोडा आणि त्याला छोटी पिशवी बांधा. डब्यात साधे पाणी भरा. पिशवीत थोडी थोडी वाळू घालत जा. पट्टी अगदी सावकाश सुटू लागली की थांबा आणि ५ सेंटिमीटर सुटायला किती वेळ लागतो ते मोजा. आता तेवढीच वाळू आणि नवी चिकटपट्टी घेऊन, डब्यात आंघोळीच्या पाण्याइतके गरम पाणी भरून प्रयोग पुन्हा करा. वेळ किती कमी झाला?

मग या प्रश्नांची उत्तरे शोधा :

१. बर्फाचे पाणी वापरले तर डब्याच्या बाहेरून काय जमेल? त्यामुळे प्रयोगात कोणती चूक शिरेल?

२. वाळू दुप्पट केली तर वेळ बरोबर निम्मा होतो का?

३. एखाद्या गाडीची जुनी पट्टी नीट निघाल्यावर तेथे अक्षरांचा गडद ठसा दिसतो. तेथे पट्टीचा कणही उरलेला नाही. मग तो ठसा कशाचा? आणि गाडीवर किती काळ ऊन पडले, याविषयी तो काय सांगतो?