काठी आणि चेंडू

ध्यानचंदांच्या काठीला चेंडू जणू चिकटलेला असे. १९२८, १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघांत ते होते. अशा खेळाचा पाया म्हणजे काठीची पकड.

हॉकीच्या काठीची डावी बाजू सपाट व उजवी गोलसर असते. गोलसर बाजूने चेंडू खेळण्यास मनाई आहे. म्हणून चेंडू डावीकडून उजवीकडे न्यावयाचा, तर काठी उलटी फिरवावी लागते. नवशिक्याचे हात अडखळतात ते येथेच! तो दोन्ही मुठी आवळतो. वास्तविक काठी फिरवावयाची ती वरच्या टोकाशी असलेल्या डाव्या हाताने. उजवा हात सैल ठेवावा, म्हणजे काठी त्यात सहज वळते. प्रथम उभ्याने, मग चालत, मग धावत सराव करावा. हात सरावले, की मान वर करून सोबती कोठे आहे, हे पाहावे.