नैसर्गिक संसाधनांचा अभ्यास आणि लहान महाविद्यालय

एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यातील ५० तासिकांपैकी ८ नैसर्गिक संसाधनांसाठी आणि ५ क्षेत्रकार्यासाठी होत्या. क्षेत्रकार्याला १०० पैकी २५ गुण होते. आयोगाच्या २०२३ च्या आराखड्यातही क्षेत्रकार्याला स्थान आहे.

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात या विषयासाठी बहुधा स्वतंत्र प्राध्यापक नसतो, सहलीसाठी वाहनही नसते. परिणामी क्षेत्रकार्य म्हणजे मागील वर्षीची वही उतरवून काढणे, असा अर्थ रूढ होतो. वस्तुतः जलसंधारण समजून घेण्यास गावची विहीर, वजन बांधलेली दोरी आणि मोजपट्टी एवढी सामग्री पुरेशी आहे.

मापनाची पद्धत सोपी, परंतु शिस्तीची आहे. उपसा सुरू होण्यापूर्वी, पहाटे, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मे महिन्यातील आणि नोव्हेंबरमधील पातळीतील फरक पावसाळ्यातील पुनर्भरणाचा स्थूल निर्देशक असतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षणांतही हे दोन्ही महिने येतात.

मात्र पातळीतील वाढ म्हणजे पाण्याचे परिमाण नव्हे. परीक्षार्थी नेमके येथेच चुकतात. भूजल खडकातील फटींत व गाळाच्या कणांमधील पोकळीत साठते, आणि त्यातून निचरून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण खडकागणिक बदलते. १९९७ च्या भूजल अंदाज पद्धतीत हे प्रमाण झिजलेल्या बेसॉल्टसाठी सुमारे २ टक्के, तर वाळूमय गाळासाठी १६ टक्के धरले आहे. एक हेक्टर क्षेत्रात भूजल पातळी ५ मीटर चढली, तर बेसॉल्टमध्ये १,००० घनमीटर म्हणजे १० लाख लिटर पाण्याची भर पडते. वाळूमय गाळात तीच वाढ ८० लाख लिटरची ठरते. दख्खनच्या पठारावरील विहीर पावसाळ्यात झपाट्याने भरते व उन्हाळ्यात तितक्याच वेगाने तळ गाठते, याचे एक प्रमुख कारण हे आहे. गंगेच्या खोऱ्यातील उदाहरण पाठ करून मराठवाड्यातील टंचाईचे उत्तर लिहिता येत नाही.

एका वर्षाच्या नोंदीवरून फारसा निष्कर्ष निघत नाही, कारण पर्जन्यमान दरवर्षी सारखे नसते. त्यामुळे पावसाच्या आकड्यांसह ही वही विद्यार्थ्याकडे नव्हे, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी. प्रत्येक नव्या तुकडीने त्याच विहिरी, त्याच महिन्यांत मोजाव्यात. जलसंधारणाची कामे झाल्यानंतर गावातील विहिरींवर खरोखर काही परिणाम झाला का, हे ग्रामसभेत विचारले गेले, तर उत्तर देण्यास अशी नोंद उपयोगी पडेल. एरवी गावाकडे केवळ झालेल्या खर्चाचा हिशोब असतो.