मातीविना शेतीची परिभाषा

नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागते. या परिसरातील शेतकरी सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा व ज्वारी ही पिके घेतो आणि गोठ्यात लाल कंधारी गाय किंवा म्हैस सांभाळतो. सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले तसे ज्वारीचे घटले आणि त्याबरोबर कडब्याच्या गंजीही लहान झाल्या. त्यात पावसाने ओढ दिली की पिण्याच्या पाण्याइतकाच वैरणीचा प्रश्न बिकट होतो. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा एखाद्या वर्षी ‘मातीविना चारा, आठ दिवसांत सहापट उत्पादन’ असा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आला, तर त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

असा प्रस्ताव असत्य असतोच असे नाही. मात्र ‘सहापट’ म्हणजे कशाच्या सहापट, हे विचारल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. मातीविना शेतीच्या परिभाषेतील प्रत्येक शब्दामागे एक माप आहे. ते माप समजले, तर या तंत्राचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, याचा निर्णय गावालाच घेता येतो.

संज्ञेचा उगम

‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द पाणी आणि श्रम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी 1937 मध्ये तो प्रचारात आणला. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. 1860 च्या सुमारास जर्मनीत सॅक्स व नॉप या शास्त्रज्ञांनी पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर वनस्पती वाढवून दाखविल्या होत्या. भारतात 1946 मध्ये जे. शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कलिंपाँग येथे वाळू व खडीचे साधे वाफे वापरून ही पद्धत अल्प खर्चात बसविण्याचा प्रयत्न केला. ती पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

गेरिके यांच्याच विद्यापीठातील होगलंड व अर्नॉन यांनी 1938 मध्ये या तंत्राची तपासणी करून एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. सुपीक जमिनीत योग्य निगा राखून जे उत्पादन मिळते, त्याहून अधिक उत्पादन केवळ माती वगळल्याने मिळत नाही. जेथे चांगली माती नाही, जागा अपुरी आहे किंवा पाणी तोलून वापरणे भाग आहे, तेथे या पद्धतीला खरे स्थान आहे.

पोषकद्रावण

वनस्पतीला आवश्यक मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन हवा व पाणी यांतून मिळतात. उरलेली 14 मुळांवाटे घ्यावी लागतात. त्यांपैकी नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही सहा अधिक प्रमाणात, तर लोह, जस्त, बोरॉन यांसारखी आठ अत्यल्प प्रमाणात लागतात. ही सर्व ज्यात विरघळलेली असतात ते पाणी म्हणजे पोषकद्रावण. शेतात एखादे खत राहून गेले, तरी माती काही काळ पिकाला सांभाळून घेते. द्रावणात असा साठा नसल्याने चूक काही दिवसांतच पानांवर दिसू लागते.

बाजारात हे मिश्रण ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन डब्यांत मिळते. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट यांच्याशी दाट स्वरूपात एकत्र आले, तर न विरघळणारा साका तळाशी बसतो आणि ते अन्न पिकाला मिळत नाही. म्हणून दोन्ही भाग भरपूर पाण्यात एकामागून एक मिसळावयाचे असतात.

सामू आणि विद्युतवाहकता

सामू म्हणजे द्रावणाच्या आम्ल-विम्लतेचे माप. सात हा आकडा उदासीन मानतात. मातीविना शेतीत सामू सामान्यतः 5.5 ते 6.5 या दरम्यान ठेवतात. तो वर गेला की लोहासारखी द्रव्ये पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाहीत, आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

विद्युतवाहकता हे पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचे माप होय. ते डेसीसायमन प्रति मीटर या एककात सांगतात. पालेभाज्यांसाठी साधारणतः 1.2 ते 1.8, तर टोमॅटोसाठी 2 ते 3.5 इतकी वाहकता राखली जाते. हे माप क्षारांचे एकूण प्रमाण सांगते, त्यांची जात सांगत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्याची वाहकता मुळातच 1 असेल, तर पालेभाजीच्या पोषणासाठी फारच थोडी जागा शिल्लक राहते. ज्या घरी हंड्याच्या आतून पांढरा थर बसतो, त्या घरच्या पाण्याची परीक्षा केल्यावाचून द्रावण तयार करू नये. अशा पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामूही वर चढत राहतो.

माध्यम आणि पद्धती

मुळांना आधार देणाऱ्या वस्तूला माध्यम म्हणतात. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, परलाईट, धुतलेली वाळू व बारीक खडी ही नेहमीची माध्यमे आहेत. त्यांनी पाणी धरावे आणि हवाही खेळू द्यावी, एवढीच अपेक्षा असते.

पद्धतींची नावे पाणी मुळांपर्यंत कसे पोचते यावरून पडली आहेत. वात पद्धतीत कापडाची वात दिव्यातील तेलाप्रमाणे द्रावण वर ओढते. खोल पाणी पद्धतीत मुळे द्रावणातच सोडलेली असतात व त्यात हवा सोडत राहावी लागते. पातळ प्रवाह पद्धतीत उतरत्या नळ्यांतून द्रावणाचा अगदी पातळ थर अखंड वाहत असतो. पाणी फिरून टाकीत येत असल्याने बचत होते, परंतु एका रोपाचा मूळकुजव्या रोगही त्याच पाण्याबरोबर सर्वत्र पसरू शकतो.

ग्रामीण भागात या निवडीचा संबंध विजेशी आहे. पातळ प्रवाहाचा पंप बंद पडला, तर उन्हाळ्यात काही तासांतच मुळे सुकू लागतात. माध्यम वापरणाऱ्या किंवा वातीच्या पद्धतीत तेवढ्या खंडाने नुकसान होत नाही. जेथे वीजपुरवठा अनियमित आहे, तेथे साधी पद्धतच अधिक भरवशाची ठरते.

हिरवा चारा आणि शुष्क पदार्थ

दुष्काळी भागात ज्याला ‘हायड्रोपोनिक चारा’ म्हणतात, त्यात बहुधा पोषकद्रावण नसते. मका भिजवून, मोड आणून, छिद्रांच्या ट्रेमध्ये पसरतात व त्यावर थोड्या थोड्या वेळाने साधे पाणी फवारतात. सात-आठ दिवसांत मुळांसह हिरवी चटई तयार होते. गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन केंद्राने या चाऱ्याचा अभ्यास केला असून, एक किलो मक्यापासून सुमारे पाच ते सहा किलो चारा मिळतो असे तेथे आढळले. एक किलो चाऱ्यास दीड ते तीन लिटर पाणी पुरते. पाण्याची ही बचत खरी आहे.

येथे सर्वांत महत्त्वाचा शब्द येतो, तो म्हणजे शुष्क पदार्थ. चाऱ्यातील पाणी वजा केल्यावर जे उरते, त्यावर जनावराचे पोट भरते. एक किलो कोरड्या मक्यात सुमारे 880 ग्रॅम शुष्क पदार्थ असतो. सहा किलो हिरव्या चाऱ्यात तो 13 टक्के धरला, तर 780 ग्रॅम भरतो. म्हणजे वजन सहापट झाले, पण अन्न किंचित घटले, कारण मोड वाढताना बियातील काही साठा खर्च होतो. वाढले ते पाणी.

साडेतीनशे किलो वजनाच्या गाईला दररोज सुमारे सात किलो शुष्क पदार्थ लागतो. तो केवळ या चाऱ्यातून द्यावयाचा, तर रोज 54 किलो चारा आणि त्यासाठी नऊ किलो मका लागेल. कोणत्याही शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. म्हणून हा चारा कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडब्याच्या कुट्टीबरोबर किंवा सोयाबीनच्या भुसकटाबरोबर रोज पाच-दहा किलो दिल्यास मात्र तो उपयुक्त पूरक आहार होतो. तो कोवळा, रुचकर व पचनास हलका असतो आणि मोड येताना प्रथिनांचे शेकडा प्रमाणही वाढते.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे चाऱ्यासाठी कधीही वापरू नये, आणि बुरशी आलेला ट्रे जनावरापुढे टाकू नये. मराठवाड्यात मक्याऐवजी घरची ज्वारी वापरण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विषारी सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावल्याचा अनुभव जुन्या शेतकऱ्यांना आहेच.

शाळेत करता येईल असा प्रयोग

शुष्क पदार्थाची कल्पना शिक्षकांना एका तराजूवर समजावून देता येते. उन्हात चांगला वाळवलेला 100 ग्रॅम मका घ्यावा. तो भिजवून ओल्या गोणपाटात मोड आणावेत व चाळणीत पसरून आठ दिवस पाणी शिंपडावे. हिरव्या चटईचे वजन करून फळ्यावर लिहावे. मग तीच चटई कडक उन्हात पूर्ण वाळेपर्यंत ठेवून पुन्हा तोलावी. फळ्यावरील तीन आकडे पाहून विद्यार्थी ‘सहापट’ या शब्दाचा अर्थ स्वतःच सांगतील.

निर्णयापूर्वी

ग्रामसभेपुढे असा प्रकल्प येईल तेव्हा सदस्यांनी काही प्रश्न विचारणे उचित होईल. पाण्याचा सामू व वाहकता किती आहे? वीज खंडित झाल्यास काय व्यवस्था आहे? मक्याचा आजचा भाव काय, आणि शुष्क पदार्थाच्या हिशोबाने चारा किती किमतीस पडतो? भाजीपाला असल्यास तो कोण व कोणत्या दराने घेणार? शेजारच्या बिलोली तालुक्यातील सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय यांच्याकडून त्याबाबत सल्ला घेता येतो.

या प्रश्नांची आकड्यांत उत्तरे मिळाली, तर मातीविना शेती नायगावसारख्या भागात परसबागेला, रोपवाटिकेला आणि टंचाईच्या दिवसांत गोठ्याला साहाय्य करील. उत्तरे मिळाली नाहीत, तर तोच पैसा पावसाळ्यात कडबा साठविण्यावर आणि बांधावर चाऱ्याचे गवत लावण्यावर खर्च करणे अधिक हिताचे ठरेल.